कमी सांगितलेले तीन दिवस

धायरीच्या आमच्या डॉक्टरांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे त्यांच्या हाताला गुण होता, आणि दुसरी त्यांची जीभ. तपासायची खोली आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये फक्त एक हिरवा पडदा होता. त्यामुळे आतलं सगळं बोलणं बाकांवरच्या दहा-बारा जणांना फुकटात ऐकायला मिळायचं. ताप अंगावर काढून आलेल्या माणसावर डॉक्टरांचा विशेष राग. "चार दिवस? वा! मग पाचवा कशाला सोडलात?" असं ते अगदी शांतपणे विचारायचे. बाहेर बाकांवर खसखस पिकायची आणि आतला माणूस खाली मान घालून चिठ्ठी घेऊन निघायचा. त्यातून आमच्या भागात एक रीतच पडून गेली होती. आत जाणारा प्रत्येकजण आपला ताप थोडा कापून न्यायचा. तीन दिवसांचा ताप दोन दिवसांचा व्हायचा आणि दोन दिवसांचा कालपासूनचा. माझी आई चुकून आमच्याकडे आलेलं शेजाऱ्यांचं पाकीट उजेडात धरूनसुद्धा बघायची नाही, पण पडद्याआड गेली की तीही बिनदिक्कत "काल रात्रीपासून" म्हणायची. याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नव्हतो. बोलणी वाचवणं म्हणत होतो.

मी तेव्हा खराडीच्या एका कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम मुद्दाम मोडून बघायचा आणि कुठे मोडतो ते लिहून द्यायचं, हे माझं काम. सकाळी धायरीहून स्वारगेट, तिथून कंपनीची बस, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. घरी आई, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले बाबा, दादा आणि वहिनी. वहिनीला सातवा महिना होता. ती माझ्याच वयाची, त्यामुळे आमचं अरेतुरे चालायचं आणि दादाची उणीदुणी आम्ही दोघी मिळून काढायचो.

स्वाइन फ्लू शहरात पहिल्यांदा आला तेव्हाची भीती अजून कुणी विसरलं नव्हतं. तेव्हा लोक तोंडाला रुमाल बांधून भाजी आणायला जात आणि रुमालात कापराची पुडी ठेवत. मधे काही वर्षं शांततेत गेली होती. त्या हिवाळ्यात तो परत आला. वर्तमानपत्रात रोज आत कुठेतरी रुग्ण आणि मृतांच्या आकड्यांची एक चौकट असायची. बाबा ती आईला वाचून दाखवायचे आणि वहिनी आत आली की पान उलटायचे.

मला ताप भरला तो सोमवारी संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये. अंग इतकं ठणकत होतं की स्वारगेटला उतरताना दांडा धरायलाही हात उचलेना. पण शनिवारी आमचं मोठं रिलीज होतं. दोन महिन्यांचं काम त्या दिवशी क्लायंटच्या हातात जायचं होतं, आणि टीममध्ये मी एकटीच अशी होते जिला त्या प्रोग्रॅमचे सगळे कानेकोपरे माहीत होते. निदान मला तसं वाटत होतं. मी तापाच्या गोळीवर मंगळवार काढला, बुधवार काढला, गुरुवारही काढला. घरी सांगितलं, एसीची सर्दी आहे. आईने गवती चहाचा काढा केला. वहिनीला मात्र दादाने बजावलं होतं की हिच्यापासून जरा लांब राहा, आणि ती बिचारी दारातूनच माझी चौकशी करायची.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात मेल आली. शेजारच्या टीममधला एक मुलगा स्वाइन फ्लूने दवाखान्यात दाखल झाला होता. ज्यांना सर्दी-ताप आहे त्यांनी फ्लूची टेस्ट करून यावं, रिपोर्ट असल्याशिवाय आत यायचं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने खुर्ची हळूच पलीकडे सरकवली. "डोन्ट माइंड हं, घरी छोटं बाळ आहे यार," ती म्हणाली. मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले ते बरं वाटावं म्हणून नाही. मला निगेटिव्ह हवं होतं.

बाकावर माझ्या आधी धायरी गावातल्या एक मावशी होत्या. त्या आत गेल्या आणि पडद्याआडून आवाज आला, "डाक्टर, लई दिस झालं, सहा दिसापासनं ताप हाय." त्यांना ही रीत ठाऊक नसावी. डॉक्टर म्हणाले, "सहा? मग आणखी एक दिवस थांबायचं होतंत, आठवडा साजरा केला असता." बाकांवर हशा पिकला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या तर पदर तोंडाला लावून हसल्या. कंपनीत आठ-दहा जणांसमोर मी दुसऱ्यांच्या चुका बेधडक वाचून दाखवायचे, पण त्या पडद्यामागे उभं राहून स्वतःचं हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

आत गेल्यावर डॉक्टरांनी टेबलावरची एक नवी पेटी पुढे ओढली. म्हणाले, ही झटपट टेस्ट आलीय. नाकात काडी घालायची, ती या द्रावणात ढवळायची, त्याचे थेंब या पट्टीवर सोडायचे. एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर फ्लू. पंधरा मिनिटांत कळतं. "पण हिचं एक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत केली तरच हिच्या बोलण्याला अर्थ. पुढे ताप असला तरी रेघ उमटेलच असं नाही. म्हणून नीट आठवून सांगा, ताप नेमका कधीपासून?"

इतकं स्वच्छ विचारलं होतं त्यांनी.

"कालपासून," मी म्हणाले.

त्यांनी काडी घातली. डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो. ओल हळूहळू वर चढली आणि एक रेघ उमटली. दुसरीची जागा पांढरीच राहिली. "निगेटिव्ह," ते म्हणाले. "घरात कोणी लहान, म्हातारं, गरोदर?" मी वहिनीचं सांगितलं. "मग निगेटिव्ह असलं तरी चार दिवस तिच्यापासून लांब राहा. ही पट्टी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे." मी मान डोलावली. चिठ्ठीवर त्यांनी रिपोर्ट लिहून दिला, मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मॅनेजरला पाठवला.

चुकीची माहिती भरून घेतलेल्या टेस्टचा निकाल केराच्या टोपलीत टाकायचा, हे मी कंपनीत नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. त्या पायरीवर मला त्यातलं काहीही आठवलं नाही. मला हलकं वाटत होतं. इतकंच नाही, तर पट्टीनेच सांगितलंय म्हटल्यावर माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. सोमवारपासूनचा ताप हा मग साधाच ताप असणार.

घरी डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द मी सांगितला, निगेटिव्ह. आई देवळात नारळ वाढवणारी नव्हे, आमच्या घरात ती पद्धतच नाही, पण तिने दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून बोटं मोडली. वहिनी आसट भात आणि मेतकूट घेऊन आली आणि थेट माझ्या अंथरुणावर बसली. "पाच दिवस तुझ्याशी धड बोलले नाही गं," म्हणाली. तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. मला चार घासांवर भात जाईना तेव्हा उरलेला त्याच ताटलीत तिने खाल्ला, कारण अन्न टाकलेलं तिला खपत नसे. मी तिला अडवलं नाही. त्या क्षणी मनात काहीतरी हललं होतं, हे मला आजही नक्की आठवतं. पण तिच्या बोटांनी डोकं इतकं निवलं होतं, की मी डोळे मिटून पडून राहिले.

शनिवारी मी रिलीजला गेले. ते रिलीज कशाचं होतं हे आज मला धड सांगतासुद्धा येणार नाही.

रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना होते. बाबा पुढे म्हणतात, आम्ही मागून. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच वहिनी खोकली. एकदा, मग सलग तीन-चारदा. आईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बाबांनी म्हणणं थांबवलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनीला ताप भरला. सोमवारी दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन निघाला आणि मी मागोमाग गेले. नको जाऊस म्हणून पाय सांगत होते, पण घरी बसवेना. डॉक्टरांनी तिचीही टेस्ट केली. एकच रेघ. त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली, तिरकी करून पाहिली, पण रेघ एकच होती.

"कधीकधी फार लवकर केली तरी चुकते," ते म्हणाले. "गरोदर बाईला मी वाट बघत ठेवत नाही. फ्लूची गोळी आजच चालू करावी असं माझं मत आहे."

दादा तापला. "टेस्ट निगेटिव्ह आहे डॉक्टर. हिचीही निगेटिव्ह होती, तुम्हीच केली होतीत," असं म्हणत त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "घरात फ्लूच नाही, तर पोटातल्या बाळाला उगीच औषध कशाला? मी आधी आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारतो."

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "घरात फ्लू आहे असं नक्की माहीत असतं, तर मी आपल्याला विचारलंही नसतं. गोळी हातातच दिली असती." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते संशयाने पाहणं नव्हतं. घरातलं आणखी एक माणूस म्हणून त्यांनी पाहिलं होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. ताप सोमवारपासूनचा होता, एवढंच. वहिनी स्टुलावर बसली होती, एक हात पोटावर ठेवून. दादा उभा होता. पडद्याच्या पलीकडे बाकं भरलेली होती. मी स्वतःला सांगितलं, घरी गेल्यावर दादाला सांगू. घरी गेल्यावर सांगितलं, बाळंतपणाचे डॉक्टर काय म्हणतात ते आधी बघू. ते परगावी होते, मंगळवारी संध्याकाळी फोनवर बोलले, उद्या दाखवायला आणा म्हणाले. मंगळवारचा अख्खा दिवस मी घरात तोंड बांधून फिरत होते आणि वहिनीच्या खोलीबाहेर उभी राहून तिचा खोकला मोजत होते. तिने दोनदा हाक मारली, मी दारातूनच उत्तर दिलं. आता मी लांब राहत होते! मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. आणि त्यातली निम्मी भीती तिच्यासाठी होती, निम्मी माझ्यासाठी. हे लिहायला हात जड होतो, पण ते तसंच होतं.

बुधवारी सकाळी आई तिला चहा देत होती. वहिनी म्हणाली, "साखर," मग थांबली, श्वास घेतला, "कमी घाला." तीन शब्दांचं वाक्य तिला एका दमात बोलता आलं नाही. आईला वाटलं चहा गरम असेल. मी चपला न घालता जिना उतरले.

दवाखाना अजून उघडायचा होता. डॉक्टर कुलपाला किल्ली लावत होते. रस्त्यावरच, उभ्या उभ्या, मी सांगितलं. ताप सोमवारपासून होता, शुक्रवारपर्यंत गोळ्या घेत होते, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आणि वहिनीला आता धाप लागतेय.

मी त्यांच्या जिभेची वाट बघत होते. खरं तर मला ती हवी होती. काहीतरी बोचरं बोलले असते तर मी ते धरून रडले असते. किल्ली तशीच कुलपात ठेवून त्यांनी मोबाइल काढला आणि मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. गरोदर, अठ्ठाविसावा आठवडा, घरात फ्लूचा संपर्क, अतिदक्षता विभागात खाट तयार ठेवा. फोन ठेवल्यावर फक्त एवढं म्हणाले, "लोक एक दिवस कमी सांगतात, ते मी मनातल्या मनात धरतो. आपण तीन दिवस कमी केलेत. तेवढे मला धरता आले नाहीत." मग दरवाजा न उघडताच ते गाडीकडे गेले. "घरी आपणच सांगा. ते मी सांगणार नाही."

दादाला मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सांगितलं. वहिनीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला होता, न्यूमोनिया दोन्ही बाजूंना होता, गोळी पहिल्या तासातच चालू झाली होती. तिच्या नाका-घशातला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि पुढे तो फ्लूचाच निघाला. दादाने माझं सगळं ऐकून घेतलं. ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या जिवावर मी डॉक्टरांशी भांडलो," आणि काचेपाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. डबा मी न्यायचे, तो घ्यायचा. आई त्रिसरण पुटपुटत बाकावर बसून असायची आणि बाबा पेपर न उघडता हातात धरून. रोज सकाळी परिचारिका बाळाचे ठोके ऐकायला आत जायची. ती बाहेर येईपर्यंतची ती पाच मिनिटं आमच्यातलं कुणी कुणाकडे बघायचं नाही.

ती दोघं वाचली. हे सरळ लिहून टाकते, कारण हे सांगताना ताणून धरायची माझी हिंमत नाही. वहिनी घरी आली तेव्हा पायऱ्या चढताना तीनदा बसली. मुलगी महिनाभर आधी जन्मली, मुठीएवढं तोंड घेऊन, पण रडली ती दणदणीत. बारशाच्या आदल्या दिवशी वहिनी एकटी असताना मी तिच्यासमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. दादाने आधीच सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. तिने बाळाचं दुपटं घडी केलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केलं. "बरं," म्हणाली.

आम्ही पुन्हा बोलायला लागलो, हसायला लागलो, दादाची उणीदुणीसुद्धा काढायला लागलो. मला वाटलं, झालं, निभावलं.

बाळ दहा महिन्यांचं झालं तेव्हा एका दुपारी त्याचं अंग तापलं. दादा परगावी होता. वहिनीने त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "चल, डॉक्टरांशी तू बोल." रिक्षात मी मनातल्या मनात तासांचा हिशोब लावत होते. सकाळी नऊला दूध पिताना कपाळ कोमट होतं, अकराला एकदा उलटी, एकला थर्मामीटर लावला. पडद्याआड गेल्यावर मी ते सगळं डॉक्टरांना सांगितलं, घड्याळाच्या वेळांसकट, चांगल्या मोठ्या आवाजात. बाहेर कुणी हसलं का, ते कळलं नाही. डॉक्टर लिहून घेत होते. त्यांनी काडी काढली, पोर किंचाळलं, थेंब पट्टीवर पडले.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं. डॉक्टर पट्टीकडे बघत होते, मी पट्टीकडे बघत होते. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"सगळं सांगितलंस ना?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिने रडणारं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग त्याच आवाजात तिने मला पुन्हा एकदा विचारलं.